घाटंजीच्या रानात मुक्काम कुठे करावा?

सुट्ट्या लागल्या की मुले विचारतात, "यंदा कुठे जायचे?" आपल्या वस्तीत या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. मामाच्या गावाला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर, सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर. चार पैसे गाठीला असले तर वेरूळ-अजिंठा. ही सगळी ठिकाणे आपली आहेत आणि तिथे गेलेच पाहिजे. पण केवळ मोकळ्या हवेसाठी, झाडे, पाणी आणि पाखरे पाहण्यासाठी दोन रात्री रानात मुक्काम करावा, म्हणून आपल्यातली किती कुटुंबे घराबाहेर पडतात? पर्यटन ही पैसेवाल्यांची हौस, असे आपण धरून चाललो आहोत. महाबळेश्वर-माथेरानचे भाव ऐकले की खिशात घातलेला हात आपोआप बाहेर येतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला इतक्या लांब जाण्याचे कारणच नाही. जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला घाटंजी तालुका आहे. यवतमाळहून सुमारे चाळीस किलोमीटर, एस.टी.ने दीड-दोन तासांची वाट. वाघाडी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशी आणि तुरीची वावरे, त्यापलीकडे सागाचे जंगल, मधूनमधून बरड टेकड्या आणि कोलाम बांधवांचे पोड. पावसाळा संपला की नाले निवळतात, तलाव भरलेले असतात आणि दिवाळीनंतर हवेत गारवा येतो. मोहा, पळस, ऐन, धावडा, तेंदू आणि बांबू अशी झाडे एका दिवसाच्या पायपिटीत मुलांना ओळखता येतात. एवढे सारे आपल्या अंगणात असताना ते पाहायला जावे, हे आपल्याला सुचत नाही एवढेच.

आमच्या मोहल्ल्यातल्या दहा-बारा कुटुंबांनी गेल्या डिसेंबरात असे ठरवले. मुले धरून चाळीसच्या आसपास माणसे होती. आधी चौघांनी जाऊन जागा पाहून यावी, असे ठरले. दोन बाया आणि दोन पुरुष गेले. त्यात मी होते. या पाहणीतून जे समजले ते वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

जागा निवडण्याची जुनी रीत

मुक्कामाची जागा कशी असावी हा प्रश्न आजचा नाही. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात बोधिसत्त्वाने उरुवेलेला ध्यानासाठी जागा कशी निवडली ते सांगितले आहे. भूमी रमणीय होती, झाडी मन प्रसन्न करणारी होती, नदी वाहती होती, तिला उतरायला चांगला घाट होता आणि भिक्षेसाठी जवळ गाव होते. विनयपिटकातल्या महावग्गात राजा बिंबिसार संघाला राहण्यासाठी जागा शोधतो, तेव्हा त्याचाही विचार असाच चालतो. जागा गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. जाण्या-येण्याला सोयीची हवी. दिवसा गर्दी नको, रात्री गोंगाट नको. या कसोटीला उतरले म्हणून त्याने वेळुवन दिले.

वाचकहो, अडीच हजार वर्षांपूर्वीची ही माणसे सौंदर्याबरोबर पाणी, घाट, रस्ता आणि गाव यांचा हिशेब करत होती. नुसती जागा सुंदर आहे म्हणून तिथे बसली नाहीत. आम्हीही हीच मोजपट्टी हातात धरली आणि घाटंजीच्या परिसरात तीन प्रकारच्या जागा पाहिल्या. जंगल, तलावाचा काठ आणि गावाशेजारची बरड जमीन.

जंगलात का नको

पहिले नाव अर्थातच टिपेश्वरचे निघाले. पांढरकवडा आणि घाटंजी या दोन तालुक्यांत पसरलेले हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. आज विदर्भातल्या वाघांच्या नकाशावर या छोट्याशा जंगलाचे नाव ठळक आहे. इथूनच जून २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ निघाला. तेलंगणाच्या आदिलाबाद भागातून, मराठवाड्याच्या वावरांतून, नद्या-नाले आणि रस्ते ओलांडत तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची १३०० किलोमीटरची चाल झाली होती. लोकांनी त्याला 'वॉकर' असे नाव दिले.

मुलांना ही गोष्ट फार आवडली. पण मोठ्यांनी तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. तो रात्री आपल्या वावरातून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा भागात 'अवनी' या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. गोळी घालणे बरोबर होते की नाही, यावर शहरांत पुष्कळ वाद झाला. पण वावरात जागलीला जाणारी, सरपणाला जाणारी, ढोरे चारणारी माणसे त्या दोन वर्षांत कशी जगली, ते ज्याचे त्याला माहीत.

तेव्हा अभयारण्यात मुक्कामाचा विचार सोडून द्यावा. तसे करता येतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. वनखात्याची ठरलेली प्रवेशद्वारे आहेत, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो, गाडीतून उतरायचे नसते आणि अंधारापूर्वी बाहेर पडावे लागते. दाराजवळ राहण्याच्या खाजगी सोयी झाल्या आहेत, त्यांचे भाव मजुराच्या खिशाचे नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी पाच-सहा कुटुंबे मिळून एक गाडी करून सकाळची फेरी जरूर मारावी. पण रात्री झोपायला दुसरी जागा पाहावी.

अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही चूल पेटवणे गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्या काळात एक विडीचे थोटूक सगळा डोंगर काळा करते. आणि एक गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला भल्या पहाटे माणसे रानात जातात. ती त्यांची रोजी आहे. आपण हौसेने जाऊन त्यांच्या वाटेत यायचे कारण नाही. आपला हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी.

तलावाच्या काठी

दुसरी जागा तलावाची. तालुक्यात वाघाडी नदीवर पाटबंधाऱ्याचा मध्यम प्रकल्प आहे, शिवाय लहान-मोठे पाझर तलाव आणि गावतळी आहेत. डिसेंबरातल्या सकाळी अशा पाण्यावर धुके असते. बगळे, पाणकावळे आणि बदके दिसतात, मासेमारी करणारे भोई बांधव जाळी काढताना दिसतात. आमच्यापैकी एकीने चप्पल काढून पाण्यात पाय बुडवले आणि ती पाच मिनिटे काही बोललीच नाही.

पाण्याच्या काठी असे निवांत बसणे आपल्या आजा-पणज्यांच्या नशिबी नव्हते, हे मुलांना सांगायला हवे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर काय झाले ते मुलांनी शाळेत आणि विहारात ऐकलेले असते. पण १९३४ सालची गोष्ट फार जणांना माहीत नसते. त्या वर्षी बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह सहलीलाच निघाले होते. आपल्यासारखीच सहल, वेरूळची लेणी पाहण्याची. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या माणसांनी हात-पाय-तोंड धुतले आणि पाणी बाटवले म्हणून ओरडा झाला. जमाव जमला. शेवटी किल्ल्यात सोडले ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला बंदूकधारी शिपाई सोबत देऊन. बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवली आहे. तोवर ते विलायतेहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले होते, गोलमेज परिषद गाजवून आलेले होते. तरीही सहलीला निघालेला माणूस म्हणून त्यांना हौदातले पाणी मोकळेपणाने मिळाले नाही.

म्हणून तलावाच्या काठी आपली मुले हसत-खिदळत बसतात, ही साधी गोष्ट नाही. ती त्यांनी बसावी. मात्र मुक्काम काठावर करू नये, आणि त्याची कारणे नीट समजून घ्यावीत.

धरणाचे पाणी दिवाळीनंतर रब्बीसाठी सोडले जाते आणि काठ आत-आत सरकतो. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत दलदल असते. मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तलावाचा तळ नदीच्या पात्रासारखा सरळ नसतो. कुठे जुना नाला, कुठे मुरमासाठी खोदलेला खड्डा, कुठे बुडालेली विहीर. दोन पावले कमरेएवढे पाणी आणि तिसऱ्या पावलाला माणूस दिसेनासा, असे होते. दरवर्षी सहलीला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातली बहुतेक अशाच पाण्यात बुडतात. सांडव्याजवळ आणि कालव्याच्या दाराजवळ तर कधीच उतरू नये. धरणाची भिंत, दारे आणि खात्याची जागा यांवर परवानगीशिवाय थांबता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

शिवाय रात्री पाण्यावर जनावरे येतात. काठावर थंडी जास्त लागते आणि पहाटेच्या दवाने पांघरुणे ओली होतात. यासाठी आम्ही नियम केला की तलाव दिवसा पाहायचा, मोठ्यांच्या नजरेखाली. पोहणे नाही, काठावर बसून पाय बुडवणे एवढेच. झोपायला पाण्यापासून दूर आणि उंचावर.

बरड, धुरा आणि गावची शाळा

तिसरी जागा आम्हाला पटली. गावापासून हाकेच्या अंतरावरची बरड जमीन, बाजूला आंब्याची जुनी झाडे, खाली उतारावर नाला आणि गावात हातपंप. बिंबिसाराच्या कसोटीला ही जागा बरोबर उतरत होती. अशी जागा घाटंजी तालुक्यात अनेक गावांशेजारी सापडेल.

पण जागा सापडणे आणि जागा मिळणे यांत फरक आहे. एका गावात आम्ही चौकशी केली, तेव्हा एका गृहस्थाने आधी चहा सांगितला, मग आडनाव विचारले, मग "तिकडच्या वावराचा मालक सध्या गावात नाही" असे सांगितले. चहा काही आला नाही. वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. दुसऱ्या गावात आम्ही सरळ ग्रामपंचायतीत गेलो, चाळीस माणसे, दोन रात्री, अमुक तारखा असे कागदावर लिहून दिले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भेटलो. तिथल्या सरपंचबाई आदिवासी समाजाच्या होत्या. त्यांनी एकच विचारले, "लहान लेकरे आहेत का? मग पंपाजवळची जागा घ्या." पावसाची सर आली तर शाळेच्या ओसरीत निजता येईल, असेही सांगितले.

तेव्हा अनुभवाचा बोल असा. तोंडी ओळखीवर विसंबू नये. लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, पोलीस पाटलांना कळवावे. यात भीती नाही, उलट हक्काची जागा हक्काने मागण्याची ही रीत आहे. जिथे वनहक्क कायदा २००६ प्रमाणे सामूहिक हक्क मिळालेले आहेत, तिथे ग्रामसभेचा शब्द घ्यावा.

जवळ कोलाम पोड असेल तर पाहुण्यासारखे वागावे. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन समाजांना आदिम जमाती म्हणून ओळखले जाते. त्यांचे पोड बहुधा मुख्य गावापासून बाजूला असते. आपल्या वस्त्याही गावाच्या कडेलाच होत्या. बाजूला असणे म्हणजे काय हे आपल्याला कळते. म्हणून त्यांच्या घरात डोकावू नये, न विचारता फोटो काढू नये, मुलांनी नकला करू नयेत. त्यांच्याकडून भाजी, अंडी किंवा बांबूच्या वस्तू घेतल्या तर भाव पाडू नये. हातपंपावर गावच्या बायांच्या घागरी आधी भरू द्याव्यात. पाण्यासाठी रांगेत मागे ढकलले जाण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी दुसऱ्याला मागे ढकलू नये.

जमीन कशी पारखावी

आमच्या चौघांत शेजारच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या. आधी त्या यायला तयार नव्हत्या. "रानात कोणी हौसेने जाते काय? मी तीस वर्षे गेली, डोक्यावर मोळी घेऊन आली," असे म्हणाल्या. मुलांनी फार धरले म्हणून निघाल्या. आणि खरे सांगायचे तर जागा त्यांनीच निवडली. आम्ही नजारा पाहत होतो आणि त्या जमीन पाहत होत्या. तेंदूपाने तोडताना, कापूस वेचताना, सरपण गोळा करताना कमावलेली ती विद्या. तिला कोणी विद्या म्हटले नाही एवढेच. ती अशी.

पहिले, वर पाहा. झाडाला आग्या मोहोळ आहे का? असेल तर त्या झाडाखाली काय, त्याच्या आसपासही चूल मांडू नये. धूर लागला की माश्या उठतात आणि मग पळता भुई थोडी होते. वाळलेली फांदी डोक्यावर आहे का तेही पाहावे. एकटे उंच झाड असेल तर विजा चमकत असताना त्याखाली थांबू नये.

दुसरे, खाली पाहा. काळी जमीन टाळावी. ती थंडीत भेगाळते, त्या भेगांत विंचू-साप असतात, आणि थोडे पाणी पडले की चिखल होतो. मुरमाड, किंचित उताराची जमीन चांगली. पाणी वाहून जाते आणि तंबूचा खुंटा घट्ट बसतो. नाल्याच्या पात्रात, वाळू कितीही मऊ असली तरी, झोपू नये. कुटाराचे ढीग, पऱ्हाटीच्या मोळ्या, दगडांची रास यांपासून लांब राहावे.

तिसरे, आजूबाजूला पाहा. वावरांतल्या पुष्कळ विहिरींना कठडा नसतो. उजेड असतानाच परिसरातली प्रत्येक विहीर मुलांना दाखवावी आणि तिच्या अलीकडे दोरी बांधावी. याहून मोठा धोका तारांचा. रानडुकरे पीक नासवतात म्हणून काही ठिकाणी वावराभोवती तार ओढून तिच्यात सरळ विजेचा प्रवाह सोडतात. हे बेकायदा आहे, त्याने माणसेही मरतात आणि वाघही. म्हणून अंधारात कोणाच्याही वावरातून आडवाट धरू नये, धुऱ्यावरच्या तारेला हात लावू नये.

चौथे, कपाशीचे वावर लागून असेल तर फवारणी कधी झाली ते विचारावे. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्यात आपल्या ओळखीपाळखीचीही माणसे होती. औषधाचा रिकामा डबा दिसला तर त्यात पाणी भरू नये, मुलांना हात लावू देऊ नये. नाल्याचे पाणी भांडी घासायलाही घेऊ नये.

पिण्याचे पाणी गावच्या पंपाचे किंवा नळाचे घ्यावे, गाळून आणि उकळून. पांढरकवडा-झरी भागातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते उकळून जात नाही. दोन दिवसांत पाहुण्याला त्याने काही होत नाही. पण जी लेकरे तेच पाणी वर्षानुवर्षे पितात, त्यांचे दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. मुलांनी विचारले तर हेही त्यांना सांगावे. सहल म्हणजे केवळ हिरवी झाडे पाहणे नव्हे.

साप, विंचू आणि दवाखाना

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर पुष्कळदा वेदनाही होत नाहीत. म्हणून उघड्यावर जमिनीला पाठ लावून झोपू नये. खाली ताडपत्री, वर मच्छरदाणी आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेल्या, एवढे केले तरी मोठे संरक्षण मिळते. चप्पल-बूट झटकून घालावेत. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यातले काही करू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि तडक दवाखाना गाठावा. या चारही सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यांत मिळते. घाटंजीला ग्रामीण रुग्णालय आहे, पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विंचवाच्या बाबतीतही दवाखानाच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले आणि पूर्वी पटापट दगावणारी लेकरे वाचू लागली. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. मुक्कामाच्या जागी मोबाईलला रेंज येते का, आणि येत नसेल तर कुठल्या उंचवट्यावर येते, हे आधी पाहून ठेवावे. रात्रीसाठी एक गाडी ठरवून ठेवावी.

बायांची सहल कोणती?

आता थोडे घरातले बोलू. सहलीला गेल्यावर पुरुष पत्ते खेळतात, मुले खेळतात, आणि बाया? बाया तिथेही चुलीपाशीच. घरी गॅस तरी असतो, रानात तीन दगडांवर फुंकणीने डोळे लाल करून घ्यायचे. मग ती बाईची सहल कसली? आम्ही आधीच पाळ्या लावल्या. पहिल्या दिवशी स्वयंपाक पुरुषांचा, दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलांचा, बायांनी फक्त मीठ सांगायचे. झुणका जाड झाला, भाकरी नकाशासारख्या झाल्या. पण त्या दुपारी आमच्यातल्या काही बाया आंब्याखाली दोन तास निजल्या. एक म्हणाली, दिवसाढवळ्या अशी झोप बाळंतपणानंतर आजच.

जागा निवडताना बायांची आणि मुलींची सोय ही शेवटची बाब धरली जाते; ती पहिली धरावी. शाळेचे संडास उघडे मिळतील का, तिथे पाणी आहे का, कडी लागते का, हे एका बाईनेच जाऊन पाहावे. ते नसेल तर चर खोदून भोवती ताडपत्रीचा आडोसा करावा, वाटेवर दिवा लावावा, मुलींनी जोडीने जावे. या एका गोष्टीपायी मोठ्या मुली सहलीला नाही म्हणतात आणि कारण सांगत नाहीत.

दारू पिऊन येणार असेल त्याने येऊच नये, हा नियम निघण्याआधी सर्वांसमोर सांगावा.

खर्च आणि तारखा

कष्टकऱ्याची सहल त्याच्या मजुरीच्या हिशेबाने ठरते. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणी चालू असते. वेचणीच्या भर दिवसांत रोज बुडवून कोणी येणार नाही, आणि बोलावूही नये. शनिवार-रविवार धरावा किंवा नाताळची सुट्टी धरावी. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, बारा वर्षांखालच्या मुलांनाही अर्धेच, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. म्हणजे आपल्या कुटुंबातले निम्मे लोक अर्ध्या भाड्यात जातात. पीठ, डाळ, तांदूळ, तेल-तिखट घरोघरीचे गोळा करावे. ताडपत्री आणि सतरंज्या विहाराच्या किंवा मंडळाच्या मिळतात. विकतचे तंबू नसले तरी बांबू आणि ताडपत्रीची पालं उत्तम होतात. ते बांधणारे हात आपल्या वस्तीत भरपूर आहेत. सोबत बॅटऱ्या, दोरी, शिट्टी, पहिल्या उपचाराची पेटी, जाड पांघरुणे आणि दोन कुदळी-फावडी असली की झाले.

चूल मोकळ्या मुरमावर, भोवती चार हात गवत साफ करून मांडावी. ओले झाड तोडू नये. निजण्यापूर्वी पाणी ओतून राख थंड करावी. उष्टे-खरकटे उघडे टाकू नये. त्यावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. लहान मुलांना अंधार पडल्यावर आणि उजाडण्यापूर्वी एकटे सोडू नये. मोठ्यांनी दोन-दोन तासांचे जागलीचे पहारे वाटून घ्यावेत.

पहाऱ्याचा कंटाळा येईल असे आम्हाला वाटले होते. उलट पहाऱ्यासाठी भांडणे झाली. शहरातल्या दिव्यांखाली वाढलेल्या मुलांनी इतक्या चांदण्या कधी पाहिल्या नव्हत्या. एका मुलाने आजीला विचारले, "मोळी आणायला जायची तेव्हा पण एवढ्याच होत्या का?" आजी म्हणाल्या, "असतील बाप्पा. मान वर करायला डोक्यावर ओझे होते ना."

बंधू-भगिनींनो, या रानात आपल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या ओझी वाहिली. त्यांच्या नातवंडांनी तिथे एकदा मोकळ्या डोक्याने जावे. जागा नीट पारखून घ्यावी, परवानगी ताठ मानेने मागावी, गावकऱ्यांशी बहीण-भावासारखे वागावे आणि निघताना जमीन आपण आलो होतो त्याहून स्वच्छ ठेवावी. आमच्या मुलांनी दोन पोती प्लास्टिक गोळा केले. त्यातले अर्धे आमचे नव्हते. सरपंचबाईंनी ते पाहिले आणि पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला येता, असे विचारले. तारीख आम्ही तिथेच ठरवून आलो.